मुलांच्या लेखनाचा निवाडा यंत्राकडे सोपवू नका: आमच्या शिक्षण संस्थेच्या कार्यकारिणीस खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव व कार्यकारिणी सदस्य (मुंबई समिती),
तसेच स्थानिक शाळा समितीचे सर्व सदस्य यांस,

विषय: एआयसंबंधीचे (कृत्रिम बुद्धिमत्तेसंबंधीचे) जून महिन्यातील परिपत्रक स्थगित करून शिक्षक व पालकांच्या सहभागाने नवे धोरण ठरविण्याबाबत.

महोदय, महोदया,

शाळा उघडल्या त्याच आठवड्यात संस्थेच्या सर्व शाखांना आपले एक परिपत्रक मिळाले. विद्यार्थ्यांनी शाळेत किंवा घरी चॅटजीपीटीसारखे कोणतेही एआय साधन वापरू नये, पाचवी ते दहावीचे सर्व निबंध व प्रकल्प संस्थेने विकत घेतलेल्या तपासणीच्या सॉफ्टवेअरवर चढवावेत आणि ते सॉफ्टवेअर ज्या लेखनाला 40 टक्क्यांहून अधिक ‘यंत्रलिखित’ ठरवील त्याला शून्य गुण देऊन पालकांना बोलावून घ्यावे, असे तीन आदेश त्यात आहेत. मुख्याध्यापकांमार्फत मी जुलैमध्ये दिलेल्या लेखी निवेदनाला आजवर उत्तर आलेले नाही. मधल्या काळात आदेशाची अंमलबजावणी सुरू झाली आणि तिचे परिणाम वर्गात दिसू लागले, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे.

मी याच संस्थेच्या शाळेत शिकले आणि आज त्याच इमारतीत मराठी शिकवते. मुंबईत गिरण्यांमध्ये आणि गोदीत राबणाऱ्या चाकरमान्यांनी आपल्या पगारातून वर्गणी काढून गावच्या मुलांसाठी ही शाळा उभी केली, हे आम्हाला लहानपणापासून सांगितले गेले आहे, आणि त्या पुण्याईचा लाभ घेतलेल्यांपैकी मी एक आहे. संस्थेला अडचणीत आणण्याचा माझा हेतू नाही. माझ्या विद्यार्थ्यांच्या प्रामाणिकपणावर संस्थेच्या नावाने जो शिक्का मारला जात आहे, तो मला मान्य नाही.

आपल्या परिपत्रकामागची काळजी खरी आहे, हे आधीच नमूद करते. चॅटजीपीटी 30 नोव्हेंबर 2022 रोजी लोकांसाठी खुले झाले आणि त्यानंतर थोड्याच काळात आमच्याकडे येणाऱ्या प्रकल्पवह्यांत एकाच साच्याची वाक्ये दिसू लागली. जलसुरक्षा या विषयाच्या प्रकल्पात स्वतःच्या वाडीतील विहिरीचे पाणी मार्चमध्ये किती खाली जाते हे लिहायचे असताना ‘जल हे जीवन आहे’पासून सुरू होणारी, कुठल्याच गावाची नसलेली पाने मुले उतरवून आणतात. असे उतरवण्याने नुकसान होते याला पुरावाही आहे. तुर्कस्तानात माध्यमिक शाळेच्या सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर गणिताच्या सरावासाठी एक प्रयोग झाला. ज्यांना सरळ उत्तरे देणारे चॅटजीपीटीसारखे साधन मिळाले, त्यांचे सरावातील गुण 48 टक्क्यांनी वाढले. पण साधन काढून घेऊन परीक्षा घेतली तेव्हा तीच मुले, साधन कधीच न मिळालेल्या मुलांपेक्षा 17 टक्क्यांनी मागे पडली. याच प्रयोगात काही मुलांना उत्तराऐवजी फक्त इशारे देणारे, शिक्षकांनी आखून दिलेले साधन मिळाले होते, आणि त्यांच्या बाबतीत हे नुकसान जवळजवळ भरून निघाले. साधन कोणी, कशासाठी आणि कोणत्या चौकटीत वापरले यावर परिणाम ठरतो, एवढे यावरून स्पष्ट होते. परिपत्रकात मात्र अशा चौकटीचा विचारच नाही. त्यात बंदी आहे आणि शिक्षा आहे.

माझी पहिली आणि सर्वांत मोठी हरकत तपासणीच्या सॉफ्टवेअरवर आहे. लेखन माणसाचे की यंत्राचे हे खात्रीने सांगणारे साधन आज अस्तित्वात नाही. ज्या ओपनएआयने चॅटजीपीटी तयार केले, तिनेच जानेवारी 2023 मध्ये असे एक ओळख-साधन काढले होते. कंपनीने स्वतः दिलेल्या आकड्यांनुसार ते यंत्रलिखित मजकुरापैकी 26 टक्केच ओळखू शकत होते आणि माणसांनी लिहिलेल्या 9 टक्के मजकुराला यंत्राचा ठरवत होते. अचूकता कमी असल्याचे सांगून जुलै 2023 मध्ये कंपनीने ते बंद केले. ऑगस्ट 2023 मध्ये अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने विद्यार्थ्यांच्या लेखनातील नक्कल शोधणाऱ्या टर्निटिन या प्रसिद्ध सॉफ्टवेअरमधील एआय तपासणी बंद केली. चुकीचा दर 1 टक्का इतकाच धरला, तरी 2022 या वर्षात तपासलेल्या 75,000 लेखांपैकी सुमारे 750 लेखांवर खोटा ठपका आला असता, असा हिशेब विद्यापीठाने जाहीरपणे मांडला होता. हाताशी तज्ज्ञ असलेल्या विद्यापीठाला जी जोखीम पेलवली नाही, ती आपण पाचवीतल्या मुलांवर टाकली आहे.

याहून गंभीर गोष्ट स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2023 मध्ये दाखवून दिली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींनी टोफेल या इंग्रजीच्या ज्ञानाच्या परीक्षेसाठी लिहिलेले 91 निबंध त्यांनी सात ओळख-साधनांतून तपासले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंधांना ती साधने यंत्रलिखित म्हणाली, तर अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध त्यांनी जवळजवळ अचूक ओळखले. याचे कारण समजण्याजोगे आहे. ही साधने वाक्यातला पुढचा शब्द किती अपेक्षित आहे हे मोजतात. शब्द अपेक्षित आणि रचना सरळ असेल, तर लेखन यंत्राचे असल्याचा संशय वाढतो. परकी भाषा जपून वापरणारा माणूस ओळखीचे शब्द आणि शिकवलेली वाक्ये वापरतो, आणि तो नेमका याच संशयात सापडतो. त्याच संशोधकांना असेही दिसले की खरोखर यंत्राने लिहिलेला मजकूर ‘अधिक साहित्यिक भाषेत लिही’ असे त्याच यंत्राला सांगून बदलून घेतला, तर तो बहुतेक वेळा सुटतो.

हे आमच्या मुलांना कसे लागू पडते, ते कृपया नीट समजून घ्यावे. आमच्या वर्गातली बहुतेक मुले घरी मालवणी बोलतात. प्रमाण मराठी ती शाळेत येऊन, पाठ्यपुस्तकातून आणि आमच्या लाल शाईच्या दुरुस्त्यांमधून शिकतात. ‘गेल्लंय’ खोडून ‘गेले होते’ लिहायला, छोटी आणि बिनचूक वाक्ये करायला, प्रसंगलेखनाची सुरुवात व शेवट ठरलेल्या पद्धतीने बांधायला आम्हीच त्यांना वर्षानुवर्षे शिकवतो, कारण बोर्डाच्या परीक्षेत त्याचेच गुण मिळतात. जी मुलगी हे मन लावून शिकली, तिचे लेखन सर्वांत अपेक्षित असणार आणि म्हणून तिच्यावरच संशय जाणार, असे मला वाटते. वरचे सर्व आकडे इंग्रजीचे आहेत. आपण घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रकातही अचूकतेचा जो दावा आहे, तो इंग्रजी लेखनाविषयीचा आहे. मराठीसाठी या साधनाची परीक्षा कोणी, कुठल्या मजकुरावर केली, असे मी निवेदनात विचारले होते.

ऑगस्टमध्ये नेमके तेच घडले. मुलीची इयत्ता आणि वाडी मी सांगत नाही. तिने ‘बंदरावरची पहाट’ या विषयावर निबंध लिहिला. त्याचा कच्चा खर्डा तिने माझ्यासमोर, तिसऱ्या तासाला, वहीत लिहिला होता आणि त्यातले दोन परिच्छेद मी तिच्याकडून बदलून घेतले होते. सॉफ्टवेअरने त्या निबंधाला 71 टक्के यंत्रलिखित ठरवले. मी खर्ड्याची वही दाखवली, तरी परिपत्रकात शिक्षकाच्या मताला जागा नसल्याने शून्य गुण नोंदवले गेले आणि तिच्या आईला बोलावण्यात आले. त्या बाई पहाटे लिलावात मासळी घेऊन बाजारात विकतात. त्या दिवसाचा धंदा सोडून त्या आल्या आणि मुख्याध्यापकांच्या खोलीत उभ्या राहून एवढेच म्हणाल्या, “माझ्या चेडवान रात्री जागान लिवल्यान, ता खोटा कसा?” या प्रश्नाचे उत्तर खोलीतल्या कोणाकडेच नव्हते, कारण सॉफ्टवेअर टक्केवारी दाखवते, कारण दाखवत नाही. त्यानंतर ही मुलगी निबंधात चार-पाच तुटक वाक्ये लिहून देते. वर्गातल्या इतर काही मुलांनी तर मुद्दाम शुद्धलेखनाच्या चुका करायला सुरुवात केली आहे, म्हणजे ‘मशीन पकडणार नाही’. चांगले लिहिणे धोक्याचे आहे हा धडा मुलांनी आपल्या परिपत्रकातून घेतला, आणि भाषा शिकवणाऱ्या माणसाला याहून वेदनादायक काही असू शकत नाही.

दुसरी हरकत मुलांच्या माहितीविषयी आहे. वहीतले हस्ताक्षर सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, म्हणून निबंध मोबाईलवर टाइप करून घ्यावेत अशी तोंडी सूचना आली. म्हणजे ज्या मोबाईलपासून मुलांना दूर ठेवायचे, निबंधासाठी त्यांना त्याच मोबाईलवर बसवले गेले. शिवाय लेखनाबरोबर मुलाचे नाव, इयत्ता आणि हजेरी क्रमांक एका खासगी कंपनीकडे जातो. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि बालकाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती घेण्याचे तत्त्व घालून दिले आहे. आमच्या शाळेत एकाही पालकाला विचारलेले नाही. मुले निबंधात घरातले आजारपण, वडिलांचे कर्ज, बोटीवर घडलेला अपघात असे बरेच काही लिहितात, कारण ते बाईंनी वाचायचे असते. हा मजकूर कुठे साठवला जातो आणि किती दिवस राहतो, याची माहिती शाळेतही कोणाजवळ नाही.

सरसकट बंदीबद्दल थोडक्यात लिहिते. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण विभागाने जानेवारी 2023 मध्ये शाळांतील संगणकांवर चॅटजीपीटी बंद केले आणि त्याच वर्षी मे महिन्यात ती बंदी उठवली. आपल्याकडे जून 2024 पासून व्हॉट्सअ‍ॅपमध्येच एआयचे वर्तुळ आले आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅप नाही असे घर आमच्या पंचक्रोशीत शोधावे लागेल. घरी काय चालते यावर शाळेचा पहारा बसू शकत नाही. बंदी घातल्यावर मूल फक्त आम्हाला विचारायचे थांबते, आणि विचारायचे थांबलेल्या मुलाला या साधनाचे धोके समजावण्याची संधीच आमच्या हातून जाते.

तिसरी हरकत शिक्षकांना वगळल्याची आहे. हा निर्णय घेण्यापूर्वी कोणत्याही शाखेतल्या शिक्षकांशी चर्चा झाली नाही आणि एका तासाचेही प्रशिक्षण मिळाले नाही. युनेस्कोने सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षणातील जनरेटिव्ह, म्हणजे स्वतः मजकूर तयार करणाऱ्या, एआयविषयी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. शिक्षकांचे प्रशिक्षण, मुलांच्या माहितीचे रक्षण आणि वर्गात ही साधने स्वतंत्रपणे वापरण्यासाठी किमान 13 वर्षे वयाची अट या गोष्टींवर तिचा भर आहे. पुढच्याच वर्षी युनेस्कोने शिक्षकांसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी एआय-क्षमतांचे वेगळे आराखडेही दिले. हे सारे कोणालाही विनामूल्य वाचता येते. परिपत्रक तयार करताना ते समोर ठेवले असते, तर सॉफ्टवेअरच्या आधी शिक्षकांचा विचार झाला असता.

शिक्षकांना विचारले असते तर काय सांगितले असते, ते येथे सांगते. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात मी ‘रापण म्हणजे काय?’ हा प्रश्न एका एआय साधनाला विचारला आणि आलेले उत्तर छापून सर्वांना वाटले. भाषा अगदी नीटनेटकी होती. रापण ही खोल समुद्रात यांत्रिक नौकांच्या साहाय्याने होणारी मासेमारी आहे, असे त्यात म्हटले होते. मागच्या बाकावरचा, एरवी तोंड न उघडणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “बाई, रापण वढूक माणसा लागतत, इंजिन नाय.” पुढची वीस मिनिटे तो वर्ग त्याने घेतला. होडीने किनाऱ्याजवळ अर्धगोलात जाळे कसे सोडतात, त्याचे दोन्ही दोर वाळूवरून माणसे कशी ओढतात, मासळीचे वाटे कसे पडतात आणि दोराला हात लावणाऱ्याचाही त्यात वाटा कसा असतो, हे त्याने फळ्यावर काढून दाखवले. मुलांनी घरी जाऊन आजोबांना विचारले आणि दुसऱ्या दिवशी, मोबाईलशिवाय, वर्गात बसून रापणीवर लिहिले. त्या वह्या मी जपून ठेवल्या आहेत. आपण याल तेव्हा दाखवीन. लिहून झाल्यावर मुलांनीच विचारले की यंत्र इतक्या ठामपणे चुकले कसे. हे साधन वाचलेल्या अफाट मजकुराच्या आधारे पुढे कोणता शब्द शोभेल याचा अंदाज बांधते, रापणीवर मराठीत लिहिलेले फारच थोडे आहे, आणि माहिती नसली तरी ते थांबत नाही, रिकामी जागा शोभेलशा शब्दांनी भरते, हे मी त्यांना समजावले. त्या दिवसापासून एआयने दिलेले उत्तर पडताळून पाहण्याची सवय त्या वर्गाला लागली. सिंधुदुर्गातील कुडोपी गावच्या सड्यावरची, म्हणजे खडकाळ पठारावरची, कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत गेली, तो विषयही असाच घेता येईल. मुलांनी सड्यावर जाऊन मोजमाप करावे, चित्रे काढावीत, गावातल्या जाणत्यांशी बोलावे आणि मग यंत्राच्या उत्तराशी आपली नोंद ताडून पाहावी.

दहावीला भाषा विषयात 80 गुणांच्या लेखी परीक्षेबरोबर 20 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन शाळेच्याच हातात आहे. त्यातला तोंडी परीक्षेचा भाग आम्ही मनापासून घेतला, तर लेखन कोणाचे हे कळायला कोणत्याही सॉफ्टवेअरची गरज नाही. मुलाला समोर बसवून ‘हे वाक्य तू इथे का लिहिलेस?’ एवढे विचारले की पाच मिनिटांत उलगडा होतो. ज्याने उतरवले आहे तो अडखळतो. त्याला मी पुन्हा वर्गात लिहायला बसवते, आणि त्यासाठी त्याच्या आई-वडिलांची मान खाली घालावी लागत नाही. अडचण वेळेची आहे. ऑनलाइन माहित्या भरणे, सर्वेक्षणे आणि निवडणुकीची कामे यांतून पन्नास-साठ मुलांच्या वर्गाला प्रत्येकी पाच मिनिटे देणे आज जमत नाही. शासनाची कामे कमी करणे आपल्या हातात नाही, हे मी जाणते. पण वेळापत्रक, आणि या परिपत्रकाने वाढवलेले टायपिंग व चढवाचढवीचे काम, आपल्या हातात आहे.

माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून हे सॉफ्टवेअर घेतले गेले, असे आम्हाला कळले. देणगीदारांच्या सद्भावनेविषयी माझ्या मनात आदर आहे. त्याच शाळेच्या वाचनालयात गेली कित्येक वर्षे नवीन पुस्तक आलेले नाही आणि संगणक कक्षातील निम्मे संगणक पावसाळ्यात सुरू होत नाहीत, हेही देणगीदारांना कळायला हवे.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

1. शून्य गुण व पालकांना बोलावणे ही कलमे ताबडतोब स्थगित करावीत आणि केवळ सॉफ्टवेअरच्या निष्कर्षावरून जे गुण शून्य केले, ते विषयशिक्षकांनी वह्या पाहून पुन्हा द्यावेत. दहावीच्या अंतर्गत गुणांचा प्रश्न असल्याने प्रथम सत्र संपण्यापूर्वी हे व्हावे. ज्या पालकांना बोलावले गेले, त्यांना मुलावरील आक्षेप मागे घेतल्याचे संस्थेने लेखी कळवावे.

2. आजवर चढवलेले सर्व लेखन कंपनीकडून काढून टाकून घ्यावे, तसे लेखी घ्यावे आणि यापुढे पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचा कोणताही मजकूर बाहेर पाठवू नये.

3. सॉफ्टवेअरच्या पुढील वर्षाच्या शुल्काची रक्कम शिक्षकांचे प्रशिक्षण आणि वाचनालय यांसाठी वळवावी.

4. प्रत्येक शाखेतील शिक्षक, पालक आणि नववी-दहावीचे विद्यार्थी यांची समिती नेमून दिवाळीच्या सुट्टीनंतर नवे धोरण जाहीर करावे. कोणत्या इयत्तेपासून, कोणत्या कामासाठी, शिक्षकांच्या कोणत्या देखरेखीखाली एआय वापरता येईल आणि कोणते लेखन वर्गातच, हाताने व्हावे, हे त्यात स्पष्ट असावे. 13 वर्षांखालील मुलांच्या हाती ही साधने स्वतंत्रपणे देऊ नयेत. मुलाच्या प्रामाणिकपणाविषयीचा निर्णय त्याच्याशी बोललेल्या शिक्षकानेच घ्यावा आणि त्यावर दाद मागण्याची सोय असावी.

5. नववी-दहावीच्या भाषा विषयांच्या वेळापत्रकात तोंडी कामासाठी आठवड्याला एक तासिका राखून ठेवावी.

कार्यकारिणीतील बहुतेक सदस्य गणपतीला गावी येतात. गौरी विसर्जनानंतरच्या एका दिवशी शाळेच्या सभागृहात शिक्षक, पालक आणि विद्यार्थी यांच्यासोबत आपली बैठक व्हावी, आणि तिची तारीख व वेळ शाळेच्या सूचना फलकावर किमान चार दिवस आधी लावावी, अशी विनंती आहे. त्या बैठकीत सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या प्रतिनिधीलाही बोलवावे. आमच्या मुलांनी सर्वांसमोर वहीत लिहिलेले मराठी निबंध त्याने तिथेच तपासून दाखवावेत.

आपली नम्र,
मराठी विषयाची एक शिक्षिका
(स्वाक्षरी व नाव संस्थेच्या कार्यालयात दिलेल्या प्रतीवर आहे.)